सोमाचे कोरडे ओठ

एकोणीसशे छप्पन साली मी चोवीस वर्षांचा होतो, आणि त्या सालापासून एकच भीती माझ्या मनात ठाण मांडून होती... की माझा धाकटा भाऊ सोमा शेवटी गुदमरून जाईल. गेल्या महिन्यात त्याचा मुलगा बळीराम सकाळीच दारात उभा राहिला. "मोठे बाबा, बाबा गेले," म्हणाला. मी विचारलं, "फेस आला होता का तोंडाले?" तो म्हणाला, "नाई. झोपीतच गेले." मी म्हटलं, "बरं झालं." ते शब्द गावभर फिरले. सख्खा भाऊ मेला अन् म्हातारा बरं झालं म्हणतो, असं लोक बोलू लागले. माझं शिक्षण दुसरीपर्यंतचं, पण लिहिता येतं, म्हणून लिहितो. मी म्हटलं ते बरोबरच म्हटलं.

आमचं गाव मूलकडचं, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं. आम्ही ढिवर, मासे धरणारे, पोट तलावावर. उन्हाळ्याच्या तोंडाला तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या सावरीच्या झाडाला आग्या मोहोळ लागायचं. आदल्या वर्षी सोमाला त्या माश्या डसल्या होत्या. तोंड सुजून भोपळा झालं आणि दोन-चार दिवसांत उतरलं, आम्ही हसलो. छप्पनला मोहोळ पुन्हा उठलं, तेव्हा आम्ही दोघं काठाशी जाळं ओढत होतो. मी जाळ्याखाली दडलो, सोमानं पाण्यात बुडी मारली. फार माश्या लागल्याही नव्हत्या. स्वतःच्या पायानं बाहेर आला, आणि घरी पोचेपर्यंत अंगभर गांधी उठून त्याला दम लागला. छातीत हंडी खदखदावी तसा आवाज, ओठांवर गुलाबी फेस...

असा फेस आम्ही ओळखतो. बुडालेल्या माणसाच्या तोंडाला तो येतो. आमच्याकडची रीत अशी, की बुडालेल्याला पालथ्या डोंग्यावर, म्हणजे लाकडी होडीवर, पोटावर टाकायचं आणि डोंगा हलवून पाणी काढायचं. मी अंगणातला डोंगा पालथा केला आणि सोमाला उचललं. त्यानं दाराचा खांब धरला तो सोडेना. आडवा केला की डोळे पांढरे करी. माय रडत म्हणे, नको टाकू. मी म्हणे, पाणी काढल्याशिवाय हा वाचत नाही. तेवढ्यात मायनं बोलावलेले गावच्या दवाखान्यातले डॉक्टर आले आणि म्हणाले, "बसवा त्याला."

"बुडालेल्याले बसवत नाईत, साहेब."

"हा बुडालेला नाही."

"मंग हे पाणी आलं कुठून?"

त्यांनी आधी सुई टोचली, उत्तर मागून दिलं. सोमाला त्याच डोंग्यावर बसवलं आणि तो कलंडू नये म्हणून मला त्याच्या पाठीला पाठ लावून बसवलं. मग सांगू लागले. आपल्या अंगात पहारेकरी राहतात म्हणे, डोळ्यांना न दिसणारे. आदल्या वर्षी त्यांनी माशीचं विष ओळखून ठेवलं. आता तेच विष आल्याबरोबर ते असे चवताळले, की त्यांनी सोडलेल्या रसानं फुप्फुसातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल झाल्या. तिथून सोमाच्याच रक्तातलं पाणी आत झिरपत होतं. मला ते लगेच कळलं. तलावाची पाळ फुटलेली नसते, तरी पलीकडच्या धानाच्या बांधीत पाणी दिसू लागतं. "म्हणजे याची पाळ पाझरून राह्यली," मी म्हटलं. ते म्हणाले, "हो, आणि सुईनं ती आवळायची आहे." पाणी होतं, हे मात्र मीच आधी सांगितलं होतं. ते काही त्यांनी कबूल केलं नाही.

सोमाचा श्वास मला पाठीनं ऐकू येत होता. खदखदे, अडे, पुन्हा खदखदे. अडला की मीही श्वास धरून ठेवी. डॉक्टरांनी आणखी एक सुई दिली. ऊन पाळीवरून उतरू लागलं तेव्हा एक लांब, कोरडा श्वास माझ्या पाठीवर चढला आणि उतरला. मग दुसरा. माझे डोळे भरून आले, पण तोंड पलीकडं होतं, कोणी पाहिलं नाही.

"भाऊ," सोमा हळूच बोलला, "मले सुकटावानी वाळत घालून राह्यला होता काऊन?"

हा टोमणा मी पुढं जन्मभर ऐकला, सोयऱ्याधायऱ्यांसमोरसुद्धा. तो डोंगा नंतर चिरला, तरी सोमानं जाळू दिला नाही, पालथाच आपल्या अंगणात ठेवला. म्हातारपणी रोज सकाळी आम्ही त्यावर पाठीला पाठ लावून बसायचो. त्याचं तोंड रस्त्याकडं, येणाऱ्या-जाणाऱ्याची थट्टा करायला; माझं तलावाकडं. त्याला वाटे, भावाला एकट्यानं करमत नाही. मी त्याचा श्वास ऐकत असे. सावर फुलली की जास्तच.

त्या सकाळी बळीरामच्या मागोमाग गेलो. सोमा सपाट निजला होता, डोक्याखाली उशीसुद्धा नव्हती. मी त्याच्या ओठांवरून बोट फिरवलं. कोरडे होते. दोनदा फिरवलं... मग खाली बसलो आणि किती वर्षांनी पोटभर श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला मी त्याच्या अंगणात गेलो, आणि डोंग्यावर त्याच्या बाजूनं, रस्त्याकडं तोंड करून बसलो.