शत्रूच्या पंख्यावरची डबी

पंख्यांच्या मोठ्या कंपनीतल्या तक्रार विभागाच्या बाईंना नवउद्योग कक्षाचं प्रमुख केलं, ते काही त्यांची कल्पकता ओसंडून चालली होती म्हणून नव्हे. मोठे साहेब कुठल्याशा परिषदेहून डोक्यात वारं शिरून परत आले होते. मोठ्या कंपनीनं आपल्या पोटात छोट्या कंपन्या वाढवायच्या, असं तिथं कोणीतरी सांगितलं होतं. प्रमुख व्हायला एकाही खात्यातलं कोणी तयार होईना, आणि बाई त्या दिवशी रजेवर होत्या.

कॅन्टीनमागची अडगळीची खोली नारिंगी रंगवली गेली. खुर्च्या काढून पोत्यासारख्या गाद्या टाकल्या. बाई एकदा त्या गादीत बसल्या, तर त्यांना उठवायला दोघं लागले. ते दोघं म्हणजेच ती छोटी कंपनी: एक मुलगी, एक मुलगा, नुकते इंजिनियर झालेले. त्यांनी एक डबी बनवली होती. पंख्याला चिकटवली की ती बेअरिंगचा आवाज ऐकायची, आणि पंखा बिघडायच्या आठवडाभर आधी तिचा दिवा लाल व्हायचा. बाईंनी उभा जन्म बिघडलेल्या पंख्यांपायी शिव्या खाल्ल्या होत्या. डबी बघून त्यांना गलबलून आलं, आणि त्या पोरांवर त्यांचा जीवच जडला.

साहेबांची अट मात्र रोखठोक होती. वर्षअखेरीपर्यंत डबीला गिऱ्हाईक मिळालं नाही, तर खोली बंद आणि पोरांना नारळ.

विक्रीप्रमुखांनी डबी उलटसुलट करून पाहिली आणि नाक मुरडलं.

"आपले पंखे बिघडतच नाहीत. मग ही सांगणार काय?"

"मग मी आजवर फोनवर कोणाशी बोलत होते?"

"ते खातं वेगळं, बाई."

राहता राहिली पंखे बनवणारी दुसरी एकच कंपनी, आणि ती म्हणजे शत्रू. तिथल्या खरेदी विभागाचे प्रमुख बाईंचे यजमान होते. लग्न झाल्यापासून घरात नियम होता, ऑफिसबद्दल कोणी ब्र काढायचा नाही. हॉलमध्ये बाईंच्या कंपनीचा पंखा, झोपायच्या खोलीत यजमानांच्या. स्वयंपाकघरात भांडण नको म्हणून नुसती खिडकी.

एका रविवारी बाईंनी स्टुलावर चढून झोपायच्या खोलीतल्या पंख्याला डबी चिकटवली. दिवा लाल झाला.

"अगं, हे काय?"

"तुमचा पंखा आठवड्यात बसणार, म्हणतेय ती."

"आमचा पंखा? त्या डबीलाच आधी डॉक्टरकडे ने!"

शनिवारी पंखा कण्हला, खरखरला आणि थांबला. यजमान उशी उचलून मुकाट्यानं हॉलमध्ये, बायकोच्या कंपनीच्या पंख्याखाली जाऊन झोपले. सकाळी चहा घेताना म्हणाले, "त्या पोरांना पाठव. माझ्याकडे नको, आमच्या इंजिनियरांकडे. त्यांना पटलं तरच."

त्यांना पटलं. प्रत्येक नव्या पंख्यावर एक डबी, अशी ऑर्डर आली तेव्हा पोरं गाद्यांवर नाचली, आणि बाई बाथरूममध्ये जाऊन रडल्या. स्वतःच्या बढतीलाही त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

मग साहेबांनी बोलावलं.

"बाई, शत्रूला माल? ऑर्डर रद्द करा, नाहीतर आजच खोलीला कुलूप!"

ओरडा ऐकून घ्यायची बाईंना सवय होती. त्यांनी साहेबांना पुरतं मोकळं होऊ दिलं.

"साहेब, पोरांच्या कंपनीत तिसरा हिस्सा आपला आहे. खोलीच्या उद्घाटनाच्या भाषणात तुम्हीच सांगितलंत."

"मी?"

"टाळ्याही पडल्या होत्या. आता शत्रूचा डबीवाला पंखा खपला, की थोडं आपल्याही पदरात पडणार."

साहेबांनी कागद ओढून तिसऱ्या हिश्श्याचा हिशेब मांडला.

"खोली चालू राहू दे," ते म्हणाले. "ही योजना पहिल्यापासून माझ्या डोक्यात होतीच."

त्या संध्याकाळी बाईंनी घरचा नियम मोडून सगळं सांगून टाकलं. यजमान चपला काढता काढता थबकले.

"म्हणजे आमचा खप वाढला, की तुमच्या साहेबांची चांदी? आणि हे मी आमच्या साहेबांना सांगायचं?"

"सांगायलाच हवं. लपवून कसं चालेल?"

दुसऱ्या दिवशी ते तोंड पाडून घरी आले.

"रागावले का हो?"

"नाही गं. आता आमच्याकडेही छोट्या कंपन्या वाढवायच्यात. प्रमुख मी."

बाईंना हसू आवरेना.

"हसतेस काय? प्रमुखानं करायचं काय असतं, ते तरी सांग."

बाईंचं हसू ओसरलं. खोलीला कुलूप लावायला निघालेले साहेब त्यांना आठवले.

"पोरांच्या आड जो येईल, त्याच्या आड यायचं," त्या म्हणाल्या. "बाकीचं पोरं करतात."