वालाला दिलेलं पाणी

१९९३ साली मी बावन्न वर्षांचा होतो, आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं वय माझं अजून यायचं होतं. शाळा दुसरीपर्यंत. पण शेतातलं मला कोणी शिकवावं हे मला खपत नसे. आज हे लिहायला बसलोय, कारण जिच्याजवळ बोलायचं होतं ती आता नाही.

आमची जमीन रोह्याच्या बाजूला. भात कापलं की जमिनीत जी ओल राहते तिच्यावर आम्ही कडवा वाल पेरतो. त्याला पाणी द्यायचं नसतं. पहाटे दहिवर पडतं, तेवढं पानाला पुरतं. बाकीचं मुळानं खाली जाऊन शोधायचं.

बियाणं बायकोच्या माहेरचं, गागोद्याकडचं. लग्नात पाठवणीच्या वेळी सासूने तिच्या ओटीत दोन मुठी वाल घातले होते. तेव्हापासून दर वर्षी ती त्यातलंच बी राखेत घोळून मडक्यात ठेवी. पेरताना मडकं कधी रिकामं करीत नसे. एक पीक गेलं तरी बी राहिलं पाहिजे, म्हणायची. त्या वर्षी भाद्रपदात सासू वारली.

पेरणीला मी शेताचा दुसरा तुकडाही धरला आणि बी कमी पडलं. मडक्यात उरलेलं मी ओतून घेतलं.

"राहू द्या ना तेवढं," ती म्हणाली.

"घाबरतेस काय गो? कालव्याचं पाणी दाराशी हाय. चौपट बी देईन तुला."

मार्गशीर्षात भर दुपारी शेतात गेलो तर पानं मान टाकून लोंबत होती. मला वाटलं, तहानली. बायको म्हणाली, "उन्हाला अंग चोरतात ती. सांजेला बघा, उठतील." सांजेला मी बघायला गेलोच नाही. कालव्याच्या पाटाचा बांध फोडून वाट केली आणि दोन्ही तुकडे भिजवले. दर आठवड्याला भिजवले.

पानं अशी आली की काय सांगू. तळहाताएवढी, काळपट हिरवी. पाटाने येणारे-जाणारे थांबून बघत, आणि मी मुद्दाम बांधावर उभा राही. बायको एक पान बोटात धरून म्हणाली, "लय मऊ हाय." वालाचं पान खरखरीत लागतं, हे मलाही ठाऊक होतं.

पौषात मेव्हणा आला. तो डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, माहेरची शेती त्याची बायको बघे. शेतात वाकून त्याने पाला वर केला.

"भावोजी, पाला झकास हाय. गुरांना पेरलाय काय?"

"म्हणजे?"

"शेंग कुठाय? फूल गळून खाली पडलंय सगळं. पाणी तोडा आजच्या आज."

बायको हसली. ते हसणं मला झोंबलं. "शिफ्ट करणाऱ्याने मला वाल शिकवायचा नाय," मी म्हणालो. "जेवलास ना? मग निघ." तो चप्पल घालून गेला. बायको त्याच्या मागे पाटापर्यंत गेली आणि एकटी परत आली.

त्यानंतर मी आणखी दोनदा पाणी दिलं. गरज म्हणून नाही. तो बोलला म्हणून.

मग मऊ पानांवर माव्याची कीड बसली. पानं चिकट झाली, पिवळी पडली. वेल उपटून बघितला तर मूळ बोटभरच, वरच्या वर पसरलेलं आणि काळं. पाणी वरच मिळालं तर ते खाली कशाला जाईल? शेजारच्याच्या कोरड्या शेतात वीतभर उंचीचे, बारक्या पानांचे वेल शेंगांनी वाकले होते.

काढणीला बायको एकटीच सूप घेऊन बसली. सकाळपासून दुपारपर्यंत शेंगा सोलल्या. जे दाणे निघाले ते डागाळलेले, नखाने दाबलं की आत पीठ. तिने एकेक दाबून बघितला. पेरण्यासारखा एकही निघाला नाही. मी समोर उभा होतो.

"बाजारातून आणू बी," मी म्हणालो.

तिने सूप खाली ठेवलं. "बाजारात आई मिळते व्हय?"

ती रागावली असती तर मीही भांडलो असतो. तिने सूप झटकलं, आत गेली आणि चूल पेटवली. माझं ताट वाढलं, माझ्यासमोर बसली आणि स्वतः जेवली नाही. मी ताट संपवलं. चुकलं म्हणायला तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने पेणला गेलो आणि तिथून पुढे मेव्हण्याच्या गावी. तो रात्रपाळी करून नुकताच आला होता, ओट्यावर दात घासत होता. मला बघून तो उठला नाही. मी अंगणातच उभा राहिलो, टोपी काढली आणि म्हणालो, "चूक माझी हाय. तुमच्या आईचं बी घरात असेल तर मूठभर द्या."