दानपत्रात राहिलेली ओळ

आमच्या निवासी महाविद्यालयात मुलांची वसतिगृहं आणि मेस यांच्यामध्ये आज सिमेंटच्या ठोकळ्यांची फरसबंदी आहे. पाहुण्यांच्या गाड्या तिथं लागतात. त्या जागेबद्दल मी खोटं बोललो, ते आता लिहून ठेवतो.

आवाराची जमीन जळकोटकडच्या एका शेतकऱ्यानं संस्थेला दान दिली. त्याला इथंच माळ्याचं काम मिळालं. मी तेव्हा कार्यालयात अधीक्षक होतो, दानपत्र मीच तयार केलं. शेताच्या मधोमध त्याच्या आईची समाधी होती. दगडी ओटा, वर तुळस. तो म्हणाला, "सायब, समदं घ्या. माय तेवढी राहू द्या. तेवढं लिवा की."

"एवढंसं कशाला लिहायचं? मी आहे की इथं."

"व्हय, तुमी असल्यावर कागद कशाला!" हसत त्यानं अंगठा उठवला.

खरं तर ती ओळ घालायची तर अख्खं पान पुन्हा टंकावं लागलं असतं, आणि मला घरी जायची घाई होती.

पुढं ओट्याच्या दोन्ही बाजूंनी वसतिगृहं उभी राहिली. मुलं तिथं बसून अभ्यास करायची. "आमची माय आता कालेजात शिकती," असं तो सगळ्यांना सांगायचा.

मग तपासणी समिती येणार म्हणून ती जागा सपाट करायचं ठरलं. प्राचार्यांनी मला बोलावलं. तो टोपी हातात धरून दारात उभा होता. "समाधी राखायचं असं काही वचन दिलं होतं का?" प्राचार्यांनी विचारलं. माझ्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं.

"कागदावर काही नाही, सर."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "न्हाय, कागदावर न्हाय," एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःच तुळस मुळासकट काढली आणि जेसीबीला वाट करून दिली. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही.

गेल्या वर्षी तो वारला. यंदा पितृपक्षात त्याची बायको नैवेद्याचं ताट घेऊन माझ्या घरी आली. आम्ही दोघं आवारात गेलो. "समदं सारखंच दिसतंय. नेमकं कुठं होत्या ओ सासूबाई? तुमाला ठावं असंल."

मी वसतिगृहांच्या खिडक्या मोजल्या, मेसच्या दारापासून पावलं टाकून पाहिली. काहीच जुळेना. तरी एका ठोकळ्याकडं बोट दाखवून म्हणालो, "इथं."

तिनं ताट ठेवलं, पदर सावरून डोकं टेकवलं. ती जागा तीच होती का, मला माहीत नाही. तिला मी ते अजून सांगितलेलं नाही.