पडद्याकडे पाठ

"बाई, स्टूल नाई आलं अजून," रोशनी फोनवर एवढंच म्हणाली. सकाळचे सव्वासहा झाले होते. मी चहाचं आधण ठेवलं होतं. चोवीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्ट्या फुंकून जीभ तिखट झालेली बाई मी, "म्हणून मला फोन करतेस होय? धावायला लाग!" असं तिच्यावर खेकसले. आणि मग माझी नजर घड्याळाकडे गेली. तीन वर्षं चंद्रपूरच्या त्या मैदानावर सहाच्या ठोक्याला एक लोखंडी स्टूल यायचं, रशीदभाऊंच्या मोपेडला मागे बांधलेलं. भर पावसात आलं, रोज्यांच्या महिन्यात आलं, त्यांच्या पुतणीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आलं. मी त्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोने, सलमाभाभींनी उचलला. फजरच्या, पहाटेच्या नमाजेआधी वजूचे हातपाय धुवायला नळापाशी बसले आणि तिथून उठलेच नाहीत, असं त्या म्हणाल्या. आधण आटून पातेलं करपलं, तरी मी तिथेच उभी होते.

परवा त्यांचा चाळिसावा दिवस झाला. मी पेपरात लिहिणार म्हटल्यावर भाभींनी तंबी दिली की बाई, लिहा, पण रडकं लिहू नका, त्यांना रडका सिनेमा कधी चालला नाही. चालेल. तसंही त्या माणसाची आठवण आली की मला आधी हसूच येतं. मग राग येतो, आणि मग पुन्हा हसू.

रशीदभाऊंचं चंद्रपूरला किल्ल्याच्या भिंतीलगत दुकान होतं, स्पर्धांसाठी माईक भाड्याने घ्यायला मी तिथेच जायचे. मंडप, माईक, भोंगे आणि एक पांढरा पडदा. गावोगाव जाऊन ते सिनेमा दाखवत. पडदा वाऱ्याने झोळ खातो म्हणून ते पडद्याच्या कडेला स्टूल टाकून दोरी हातात धरून बसायचे, आणि तोंड कायम लोकांकडे. सुरुवात दोरीपायी झाली असेल, पण पुढे त्या माणसाला चटकच लागली. बंद हॉलमध्ये, जिथे वाऱ्याचं नाव नाही, तिथेही पाठ पडद्याकडेच. मी एकदा म्हटलं, भाऊ, कधी वळून सिनेमा पण पाहत जा. तर म्हणाले, "सिनेमा रोज तोच राह्यते बाई. लोकं रोज नवे राह्यतात."

तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक खेळाचा सिनेमा आला होता. खेड्यातली एक मुलगी धावायला शिकते आणि तिचा गुरू असतो एका मठातला म्हातारा बाबा. बाबा तिला धावण्यातलं ओ का ठो सांगत नाही. अंगण झाडायला लावतो, नदीवरून पाणी आणायला लावतो, श्वास मोजायला बसवतो, आणि ती जेवल्याशिवाय स्वतः घास घेत नाही. शेवटच्या शर्यतीत मुलगी थोडक्यात दुसरी येते, आणि बाबा सगळ्यांसमोर तिच्या पाया पडतो. बस, एवढीच गोष्ट. पण घुग्घुसला तिने काय धमाल उडवली ते रशीदभाऊंच्या तोंडून ऐकायला हवं होतं. दुपारचा खेळ. दुसऱ्या पाळीचे खाणकामगार मध्यंतरापर्यंत बसले आणि कामावर गेले. पहिल्या पाळीचे सुटले ते कोळशाच्या तोंडांनीच मोटरसायकली उभ्या करून आत आले, आणि रशीदभाऊंनी त्यांच्यासाठी मध्यंतर ताणून धरलं. झालं काय, की अर्ध्यांनी सुरुवात पाहिली आणि अर्ध्यांनी शेवट. पुढचा आठवडाभर म्हणे खाणीच्या फाटकावर पाळी बदलताना एकच चौकशी चालायची. हे विचारायचे, पोरगी जिंकली का? ते विचारायचे, बाबा तिला भेटला कसा? एका ड्रायव्हरने तर सिनेमा पाहून दुसऱ्या दिवसापासून डबा खायच्या आधी क्लीनरला जेवायला बसवलं. दुकानात मला हे सांगताना रशीदभाऊ स्टुलावरून उठून हातवारे करत होते. मी तिथेच ठरवलं की हा सिनेमा माझ्या शाळेत आणायचा.

कारण माझं घोडं रोशनीपाशी अडलं होतं. मी तेव्हा भामरागडच्या वाटेवर एका आश्रमशाळेत खेळ शिकवत होते. रोशनी आठवीत. अनवाणी धावायची आणि मोठ्या मुलांना मागे टाकायची. चंद्रपूरच्या क्रीडा वसतिगृहात तिची निवड झाली होती, फक्त अर्जावर बापाची सही हवी होती. आणि तिचे वडील रैनूदादा ताकास तूर लागू देत नव्हते. मी दोनदा त्यांच्या गावी गेले, दोन्ही वेळा त्यांनी जोहार केला, खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि सहीचं नाव काढताच जंगलाकडे पाहत बसले. जूनचा शेवट आला होता. आठ-दहा दिवसांत नाल्यांवर पाणी चढलं की रस्ता बंद, आणि रस्ता बंद तर अर्जाची मुदतही गेली. शाळा उघडताना आईबाप पोरांना सोडायला येतात, त्या रविवारी रैनूदादा येणार हे नक्की होतं. मी रशीदभाऊंना फोन केला की तुमचा बाबा घेऊन या, माझ्याने हा माणूस हलत नाही.

आले! जीपमध्ये पडदा, भोंगे आणि ते स्टूल. भर दुपारी आम्ही हॉलच्या खिडक्यांना वसतिगृहाची घोंगडी ठोकली. आत भट्टी पेटल्यासारखा उकाडा, तीनशे पोरं, त्यांचे आईबाप, सगळे दाटीवाटीने जमिनीवर. रैनूदादा भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले. रशीदभाऊंना मी हळूच दाखवलं, तो बघा, तो. त्यानंतर अडीच तास त्या माणसाने दुसऱ्या कोणाकडे पाहिलं असेल तर शपथ.

आणि काय सांगू, काय ती दुपार! मुलगी पाणी आणायला निघाली की पोरं "सांडन, सांडन" ओरडायची. बाबा उपाशी बसला तेव्हा एक म्हातारी उठून पडद्याजवळ गेली आणि त्याला आपल्या बोलीत काहीतरी रागावून आली. शेवटच्या शर्यतीला तर अख्खा हॉल उभा. मीही उभी, शिट्टी तोंडात. मुलगी दुसरी आली, बाबा वाकला, आणि मागून आमचे स्वयंपाकी दौलतभाऊ गरजले, "वन्समोअर!"

दौलतभाऊ वडशाकडचे. तिकडे झाडीपट्टीत नाटक म्हणजे जीव की प्राण, आणि प्रवेश रंगला की वन्समोअर द्यायचा तो प्रेक्षकांचा हक्कच. पोरांना तो शब्द नवा, पण ओरडायला मिळतंय म्हटल्यावर तीनशे गळे सुटले. रशीदभाऊ धावत लॅपटॉपपाशी गेले. आता शर्यत कुठून सुरू होते हे त्या माणसाला माहीत असेल तर ना! अंदाजाने मागे नेलं ते थेट पाणी आणण्यापर्यंत गेलं. पोरांना आनंदच झाला, पुन्हा "सांडन, सांडन." पुन्हा शर्यत आली, पुन्हा सगळे उभे, आणि मुलगी पुन्हा दुसरी. दौलतभाऊ मटकन खाली बसले. "अरे बाप्पा, वन्समोअर देल्ल्यावर तरी जिंकाचं होतं!" नाटकातला नट दुसऱ्या वेळेला जास्त जोरात करतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

रैनूदादा मात्र हसले नव्हते. गर्दी पांगल्यावर ते स्टुलापाशी आले आणि रशीदभाऊंना विचारलं की हे सगळे काय ओरडत होते. रशीदभाऊंनी सांगितलं, मन भरलं की लोक पुन्हा करायला लावतात. रैनूदादांनी विचार केला. म्हणाले, हरली तरी? रशीदभाऊ म्हणाले, हरली तरी. मी अर्ज पुढे करणार तोच रैनूदादांनी तो प्रश्न विचारला, जो मला दोन खेपांत ऐकू आला नव्हता.

"माही पोरगी तिकडं एकटी जाईन. असा बाबा तिथी कोन आहे?"

मी तोंड उघडलं. तिथे प्रशिक्षक आहेत, वॉर्डन आहेत, दूध-अंडी आहेत, असं सगळं माझ्या जिभेवर होतं. पण रशीदभाऊ आधी बोलले.

"मी आहो ना," ते म्हणाले.

रैनूदादांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. साठीला टेकलेला, गुडघे दुखणारा, पोट सुटलेला माणूस, हातात पडद्याची दोरी. आणि त्यांनी सही केली.

परतीला मी नदीपर्यंत जीपमध्ये होते. रशीदभाऊ चाचरत म्हणाले, "बाई, तो बाबा नेमकं करते काय?" माझा विश्वासच बसेना. पंधरा गावं त्यांनी तो सिनेमा दाखवला आणि एकदाही वळून पाहिला नव्हता! बाबा कोण, कसा, काही ठाऊक नाही, आणि हा माणूस एका बापाला शब्द देऊन बसला होता. मी त्यांना तिथल्या तिथे झापलं. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, तुम्हाला काय गंमत वाटली का, सगळं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. राग ओसरल्यावर मी सांगितलं की बाबा काही करत नाही, नुसता रोज तिथे असतो आणि ती जेवल्यावर जेवतो. रशीदभाऊंचा चेहरा एकदम उजळला. "एवढंच? मंग जमते!"

आणि जमवलं हो त्या माणसाने. पहाटेची नमाज झाली की स्टूल मोपेडला बांधून मैदानावर. पुढच्या वर्षी माझी बदली चंद्रपूरला झाली तेव्हा मी स्वतः पाहिलं. तिथेही तऱ्हा तीच. सगळे शेवटच्या रेषेकडे डोळे लावून बसत, हे पलीकडे, त्या रेषेकडे पाठ करून, वळणावर येणाऱ्या रोशनीच्या तोंडाकडे पाहत. घड्याळ नाही, वही नाही. प्रशिक्षक सुरुवातीला वैतागले, मग तेच विचारू लागले की भाऊ, आज पोरगी कशी आहे? रशीदभाऊ सांगायचे, आज घरची आठवण येऊन राह्यली, आज पळवू नका. आणि ते खरं निघायचं. वसतिगृहाचा नाश्ता झाल्याचा रोशनीचा फोन आला की मगच ते दुकानात पाव मोडत. भाभी म्हणायच्या, बुढ्याने कुठून हे खूळ आणलं. पण फोनला उशीर झाला तर त्याच मला फोन करून विचारायच्या, पोरीने खाल्लं का?

ते गेल्यावर रोशनी चार दिवस धावली नाही, की धड जेवली नाही. पाचव्या दिवशी रैनूदादा आले. तिला न्यायलाच आले होते. रागाने नाही, भांडून नाही. त्यांच्या दृष्टीने करारच संपला होता, ज्याने शब्द दिला तो माणूस गेला. माझं धाबं दणाणलं. दुसऱ्याच सकाळी तीन हजार मीटरची निवड चाचणी होती. मी त्यांना म्हटलं, एवढी एक शर्यत बघा आणि मग न्या. इतकी वर्षं पोरांवर ओरडणारी मी, त्या दिवशी हात जोडले. ते हो म्हणाले.

सकाळी भाभींनी स्टूल पाठवलं. रैनूदादा त्यावर अंग चोरून बसले, सगळ्यांसारखे शेवटच्या रेषेकडे तोंड करून. रोशनी सुरुवातीच्या रेषेवरून निघून सरळ त्यांच्याकडे आली, त्यांना उठवलं, स्टूल उलटं फिरवलं आणि पुन्हा बसवलं. "बाबा, इकडं पाहा," म्हणाली आणि परत गेली. मी शिट्टी तोंडात धरली.

पहिल्या फेऱ्या ती मागेच होती. पाय जड, चार दिवसांचं न जेवणं दिसत होतं. मग एका वळणावर तिची नजर स्टुलाकडे गेली, आणि पोरगी सुटली! एकेकीला मागे टाकत, अनवाणी धावायची तशी. मी शिट्टी फुंकत रेषेच्या कडेने धावत होते, माझं वय विसरून. शेवटच्या सरळ रेषेत दोघीच उरल्या... आणि ती दुसरी आली. चाचणीत एकीचीच निवड होती. झालं, संपलं, असं म्हणून मी वळले.

रैनूदादांनी शेवट पाहिलाच नव्हता. ते अजून वळणाकडेच तोंड करून होते. मी जवळ जाऊन सांगितलं की दादा, दुसरी आली, हरली. ते उठले. आधी खाली पाहिलं, मग स्टुलावर चढले, तो शांत, घुमा माणूस, आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "वन्समोअर!"

लोक हसले. रोशनी गवतावर पालथी पडून रडत होती, ती रडता रडता हसायला लागली. मला काय झालं ते मी सांगत नाही, भाभींना वचन दिलंय. पुढची चाचणी हिवाळ्यात आहे, आणि रोशनी इथेच आहे.

रैनूदादा त्याच दिवशीच्या बसने एकटे परतले. जाताना त्यांनी स्टूल उचलून माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "बाई, हे सकारी कोन आनते?"

मी पहाटे उठायचा कंटाळा करणारी बाई. भाऊंना मी कायम हिणवायचे, की तुम्हाला काही कामधंदा नाही. मी स्टूल माझ्या स्कूटीला बांधलं. गाठ नीट बसेना, तर रैनूदादांनी बांधून दिली.

"मी आहो ना," मी म्हटलं.