ग्रिफिथचे टोमॅटो आणि असुंताबाईंचं मनगट

गाडी वॉलॉंगॉंगचा घाट चढून वर आली आणि समुद्र मागे पडला, तेव्हा जेमतेम उजाडत होतं. पुढे फ्रँक गाडी चालवत होता, शेजारी त्याची आई असुंताबाई, आणि मागे मी, मांडीवर त्यांच्या औषधांची पिशवी घेऊन. आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती. कुठे जायचं म्हटलं की माझं असंच होतं.

मी तासगावची. आठवीत शाळा सोडून बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायला बसले. नवरा वेल्डर, त्याच्या व्हिसावर इथे वॉलॉंगॉंगला आले. असुंताबाईंकडे आठवड्यातून तीन दिवस कामाला जाते: औषध, आंघोळ, थोडा स्वयंपाक. त्या इटलीच्या दक्षिणेकडच्या, कालाब्रियाच्या. वय ब्याऐंशी. शाळा तिसरीपर्यंत. आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून आमचं छान जमतं. इथे कुणी ओळखीचं नसताना त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून जेवायला वाढलं होतं. ते मी विसरू शकत नाही.

निघण्याआधी फ्रँकने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "लता, मा हल्ली विसरते. ग्रिफिथला मामाकडे तीन दिवस आहोत, तेवढ्यात बघू. नीट पार पडलं तर ती घरी राहील. नाहीतर ईस्टरनंतर होममध्ये." होम म्हणजे वृद्धाश्रम. असुंताबाईंना त्या शब्दाचीसुद्धा भीती वाटते.

अर्ध्या वाटेवर पेट्रोल पंपाशी थांबलो. फ्रँक कॉफी आणायला गेला. मी बाईंना टॉयलेटला नेलं, दाराशी उभी राहिले, आणि त्या दुसऱ्याच दाराने बाहेर पडल्या. सापडल्या तेव्हा एका परक्या पांढऱ्या गाडीत पट्टा लावून बसल्या होत्या. गाडीवाला म्हातारा हसत होता, "नो वरीज, मेट. मी तर त्यांना घरीच घेऊन चाललो होतो!" बाईंनी माझा हात दाबला. "फ्रँकोला सांगू नकोस." मी नाही सांगितलं. पुढे जाताना त्यांनी डब्यातून ब्रेडमध्ये घातलेले वांग्याचे काप काढून दिले. तळलेले, वरून पावाचा चुरा. रवा लावला असता तर आमच्या आईचेच.

नंतर सगळी जमीन सपाट होत गेली. वाळलेलं पिवळं गवत, मेंढ्या, मग एकदम हिरवंगार: कालवे, संत्र्यांच्या बागा आणि द्राक्षं. आमच्याकडे मांडव डोक्यावर असतो, इथे वेली कमरेएवढ्या तारांवर. मी काचेला नाक लावून बघत राहिले. ही सगळी शेती बाईंच्या वडिलांच्या पिढीने कष्टाने उभी केली, असं फ्रँकने सांगितलं. गावात दुकानांवर इटालियन आडनावं, आणि बाकांवर टोप्या घातलेले म्हातारे हातवारे करत बोलत होते. तासगावच्या पारावरून उचलून आणल्यासारखे.

बाईंचा धाकटा भाऊ रोक्को फाटकाशीच उभा होता. वय पंच्याहत्तर, आवाज पंचविशीतला. "ही कोण? इंडियाची? मग हिला मिरची द्या!" असं म्हणून त्याने खरंच लाल वाळल्या मिरच्यांची माळ माझ्या गळ्यात घातली. मी आपली ती गळ्यात घेऊन औषधं मोजत बसले.

शनिवार सॉसचा दिवस. वर्षभराचा टोमॅटोचा सॉस त्यांच्यात एका दिवसात, सगळं कुटुंब जमून करतात. पहाटेपासून आम्ही बारा जण शेडमध्ये. टोमॅटो धुवायचे, चिरायचे, यंत्रातून गाळायचे. साल आणि बिया एकीकडे, लाल रस दुसरीकडे. तो बिअरच्या जुन्या बाटल्यांत भरायचा. प्रत्येक बाटलीत बाझिलिकोचं (तिकडच्या तुळशीचं) एक पान. पानं टाकायचं काम बाईंचं. एकदाही चुकल्या नाहीत. मी फ्रँककडे बघत होते, तो त्यांच्याकडे.

मग बाटल्या झाकणं ठोकून, गोणपाटात गुंडाळून मोठ्या पिंपात रचल्या. वर पाणी, खाली लाकडं. उकळलं की आग विझवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पिंपाला कुणी हात लावायचा नाही. पाणी आपोआप निवलं पाहिजे, नाहीतर गरम बाटली वाऱ्याने फुटते. बाईंनी मला हे तीनदा बजावलं. "लता, सकाळपर्यंत नाही. देवाने सांगितलं तरी नाही."

जेवणं झाली. ताज्या सॉसमधली मॅकरोनी, ताट भरभरून. मी ते खात नाही हे ठाऊक असल्याने, मला न विचारताच माझ्यापुढचं सॉसेज उचलून फ्रँकने स्वतःच्या ताटात घेतलं. सगळे पुरुष झाडाखाली आडवे झाले. आग विझून फार तर तास झाला असेल. माझे पाय दुखत होते, तरी मी नळावर यंत्र धुवत होते.

फाट्!

धावले. बाई पिंपाशी उभ्या. हातात फडकं, पुढ्यात ओल्या सिमेंटवर फुटलेली बाटली, आणि शेजारी नुकत्याच काढून ठेवलेल्या दोन. उजवं मनगट लाल झालं होतं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्यांना आत्ताच कुणीतरी तिथे आणून उभं केलं होतं. मी त्यांना ओढत नळाशी नेलं, मनगट पाण्याखाली धरलं आणि बाही खाली ओढली. तोवर सगळे आले होते.

"कोणी काढल्या?" फ्रँकने विचारलं.

"मी," मी म्हणाले. "मला वाटलं, झालं."

"मादोन्ना!" रोक्कोने कपाळावर हात मारला. "मुंग्यांची पार्टी केलीस!" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्यावर बोट रोखून सगळ्यांना सांगत सुटल्या, "तीनदा सांगितलं होतं मी हिला! तीनदा!" त्या नाटक करत नव्हत्या. त्यांना आठवतच नव्हतं.

संध्याकाळी फ्रँक माझ्याजवळ आला. रागावला नव्हता, तेच जास्त लागलं. "लता, तू आहेस म्हणून मा घरी राहील असं मी धरून चाललो होतो. तुलाच गरम-गार कळत नसेल तर तिला तुझ्यावर कसं सोडू?" मी मान खाली घातली. त्यांना वाचवायला खोटं बोलले, आणि त्याच खोट्याने त्यांना होमच्या दाराशी नेलं. खरं सांगावं तरी होम, न सांगावं तरी होम.

रविवारी सकाळी बाटल्या काढल्या, पुसल्या, वाटल्या. एक मलाही मिळाली. "ही गार झाली आहे, घाबरू नकोस," रोक्को म्हणाला आणि गालाला गाल लावून निरोप दिला.

परतीच्या वाटेवर ऊन चढलं. बाईंनी बाह्या वर सारल्या आणि मनगटावरचा फोड बघितला. बराच वेळ बघत राहिल्या.

"लता, बाटल्या तू काढल्यास?"

"हो."

"मग भाजलं मला कसं?"

मी खिडकीकडे तोंड वळवलं. बाहेर नुसतं पिवळं गवत. मग त्या म्हणाल्या, "फ्रँको, गाडी थांबव." त्याने कडेला घेतली. त्यांनी हात पुढे केला. "बघ. मी काढल्या. मला आठवत नाही, पण हात माझाच आहे. मला चुलीपाशी एकटी ठेवू नका. पण होममध्ये नको, फ्रँको. पानं मी नीट टाकली ना?"

"सगळी टाकलीस, मा." त्याने त्यांचं मनगट हलकेच धरलं. मग आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "यापुढे मला खरं सांगायचं, लता. एवढी एकच अट."

यापुढे, म्हणाला तो. ते ऐकून मी जे रडायला लागले ते पुढच्या गावापर्यंत. पेट्रोल पंपावरची पांढरी गाडीही तेव्हाच सांगून टाकली. बाईंनी वळून मला एक चापट मारली.

त्यांचा गॅस आता बंद करून घेतलाय. स्वयंपाक मी असेन तेव्हाच, विजेच्या शेगडीवर. आठवड्यातल्या तीन दिवसांचे पाच झाले. किती महिने चालेल, माहीत नाही. आजचा दिवस गेला की मी आभार मानते आणि झोपते.

रविवारी घरी पोचले त्या संध्याकाळी बाटली ओट्यावर ठेवली. पान आत काचेला चिकटलेलं. पाय सुजले होते, तरी आधी तासगावला फोन लावला. आई एकटीच असते, अजून चुलीवर पाणी तापवते.

"आई, हल्ली काही विसरतेस का गं?"

"छे! मी कशाला विसरते?" ती हसली.

"खरं सांग."

"परवा पाणी चुलीवरच विसरले," ती हळूच म्हणाली. मी फोन कानाला धरून बसून राहिले.