मागाच्या तारेने बांधलेला नट

माझ्या भाटव्यांची जीप त्या दिवशी रस्ता सोडून धानाच्या बांधीत गेली ती दारूमुळे नव्हे, माझ्या हातच्या कामामुळे. हे मला त्याच दुपारी कळले होते. तरीही वीसेक वर्षे मी ते कुणाला सांगितले नाही. भाटवे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ती सारी वर्षे दारुडा ड्रायव्हर म्हणून बोलणी खात राहिले. मी त्यांच्या पंगतीला बसून जेवत राहिलो.

आमचे घर मोहाडीचे, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, विणकामाचे. बहिणीला एकोडीला धानवाल्यांच्या घरी दिलेले. जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळे झाले, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. भाटव्यांनी एक जुनी जीप घेतली होती. तिचे स्टेअरिंग इतके ढिले होते, की सरळ रस्त्यावरही भाटवे डाळ घोटल्यासारखे हात हलवीत राहत. जरा वेग घेतला की पुढची चाके थरथरू लागत. मला यंत्रांची आवड होती आणि त्या आवडीचा थोडा गर्वही होता. गॅरेजात कशाला, आमच्या अंगणातच काम करू, असे मीच सुचवले.

श्रावणातली उघडीप पाहून आम्ही जीप ठोकळ्यांवर उचलली. कमानीपाट्यांचे झिजलेले बुश काढले, चाक ज्यावर वळते त्या किंगपिना बदलल्या. पुढची दोन्ही चाके एकत्र वळवणारी आडवी दांडी असते, तिला टाय रॉड म्हणतात. तिच्या टोकांचे गोळे खिळखिळे झाले होते. जुनी झाली की ती टोके चाकाजवळच्या भोकात अशी घट्ट बसतात, की नट काढला तरी सुटत नाहीत. त्या जागेवर दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी हातोडा बसला तरच ती निघतात. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाटवे.

"पाहून मारा, भाऊजी. हात माझा आहे."

"तुमचा हात मोडला तं लुगडं कोण विणंल? तुमच्या बहिणीले मी काय सांगू?" असे म्हणत त्यांनी हातोडा मारला, आणि टोक टपकन खाली लोंबले.

नवी टोके बसवल्यावर चाके एका रेषेत आहेत का, हे पाहण्यासाठी मी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत कोशाचे सूत ताणले. टायरला ते कुठे टेकते, कुठे फट राहते, ते पाहत दांडी हळूहळू फिरवली. भाटवे कमरेवर हात ठेवून उभे होते. "पहा बावा," ते माझ्या बहिणीला म्हणाले, "तुया भाऊ आता जीपले बी लुगडं नेसवून राहिला."

शेवटी राहिल्या पिना. नव्या टोकावर खाचांचा नट येतो. तो फिरून सुटू नये म्हणून खाचेतून आरपार एक दोन पायांची पिन घालून तिचे पाय वळवायचे असतात. दोनपैकी एक पिन माझ्या बोटांतून निसटली आणि कुठे गेली ते कळेना. दुकाने बंद व्हायची वेळ झाली होती, भाटव्यांना सकाळी निघायचे होते. मी उठून मागाजवळ गेलो. ताण्याचे धागे उचलणाऱ्या चौकटीसाठी ठेवलेली बारीक तार आणली, ती नटाच्या खाचेतून ओवली आणि पीळ दिला.

आमच्या घरची रीतच ती होती. मागावर जे सैल होईल ते बांधायचे. फळी सुताने, पायाने दाबायची पावडी दोरीने. बांधलेले वर्षानुवर्षे टिकते, कारण माग आपली जागा सोडत नाही. जीप जागा सोडते, एवढा साधा विचार माझ्या मनात आला नाही.

"हे तारीचं कसं?" भाटव्यांनी विचारले.

"चालते, भाऊजी. पुढच्या खेपेले पिन टाकू."

"तुमी विणकर लोक यमाले बी गाठ मारून बसवाल," ते हसून म्हणाले. माझ्यावर विश्वास ठेवून ते सकाळी निघून गेले.

काही दिवसांनी मागाचा खड्डा झाडताना ती पिन मला सापडली. त्याच दिवशी मी एकोडीला जाऊ शकलो असतो. मी ती फळीवर ठेवली. पोळ्याला ते येतीलच, तेव्हा टाकू, असे मनाशी ठरवले. इथपर्यंत तो निष्काळजीपणा होता. पुढे जे घडले त्याला मी तो शब्द वापरू शकत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ती दोघे आमच्याकडे जेवायला येत होती. मोहाडी जवळ आली असताना जीप वळणावर वळलीच नाही. शेताच्या कडेचा धुरा ओलांडून ती बांधीत उतरली. निरोप आला, की दोघे जिवंत आहेत, बाईच्या मनगटाला लागले आहे. निघण्यापूर्वी मी फळीवरची पिन खिशात टाकली. जुन्या टोकाचा नटही घेतला. त्या दोघांना पाहण्याआधी मला हे सुचले, याची लाज मला बाकी सगळ्याहून अधिक वाटते.

लोकांनी त्यांना दवाखान्यात नेले होते. जीपजवळ कुणी नव्हते. मी चिखलात आडवा होऊन पाहिले. टाय रॉडचे टोक सुटून लोंबत होते, तारेचा मागमूस नव्हता. मी टोक भोकात बसवले, नट आवळला, पिन घालून तिचे पाय वळवले आणि त्यावर चिखल माखला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या जाणत्यांनी जीप बाहेर काढून पाहिली. स्टेअरिंग शाबूत होते. अपघात करीच्या दिवशीचा होता, आणि करीला माणसे काय पितात ते सर्वांना ठाऊक होते. आणखी कुणाला विचारायची गरज उरली नाही. तारेचे भाटव्यांच्याही मनात आले नाही; जाणत्यांनी शाबूत म्हटले ते त्यांनीही मानले.

"मी थेंब नाई घेतला," भाटवे दवाखान्यात म्हणाले. प्लास्टरमधला हात छातीशी धरून बहिणीने तोंड फिरवले. तेच वाक्य ते पुढे वर्षभर म्हणत राहिले, मग म्हणायचे थांबले. बहिणीचे मनगट किंचित वाकडे जुळले. तिने संसारात काही कमी केले नाही. पण भाटवे चालवतील त्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. माहेरी ती एसटीने यायची, आणि ते जीप घेऊन मागून. बसस्थानकावर तिला घ्यायला मी जात असे. दर वेळी वाटे, आज सांगावे. दर वेळी वाटे, इतक्या उशिरा सांगून काय मिळणार. हा दुसरा विचार मी शहाणपणाचा समजत होतो.

गेल्या उन्हाळ्यात भाटव्यांनी मला एकोडीला बोलावले. तीच जीप, पुढचा भाग पुन्हा झिजलेला. त्यांच्या मुलीला बपेऱ्याला दिले आहे. तिच्याकडे बारसे होते. अंगणात बुश ठोकताना ते हळूच म्हणाले, "सारं नवीन टाका, साळेबुवा. गाडी लोण्यासारखी झाली तं ह्या वेळी तुमची बहीण बसंल. नातवाच्या बारशाले तरी आमी दोघं संगं उतरू."

बहीण ओसरीवर तांदूळ पाखडत होती. तिने ऐकले. "मी एसटीनं येतो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. रोजचे काही सांगावे तसे ती म्हणाली.

भाटव्यांनी मान खाली घातली आणि पुढची वस्तू माझ्या हातात दिली. ती पिन होती. मी ती धरून बसून राहिलो.

"काहून थांबले?" त्यांनी विचारले.

"बाई," मी म्हणालो, "भाऊजीनं त्या दिवशी घेतली नव्हती."

सूप थांबले. "तुले काय माहीत?"

"टाय रॉडले पिन नव्हती. मी मागाची तार बांधली होती. ते तुटली."

"सारं शाबूत होतं म्हणून सांगतलं होतं ना लोकायनं."

"तुमाले दवाखान्यात नेलं, तवा मीच चिखलात पडून पिन टाकली. कोणाले कळू नये म्हणून."

भाटव्यांनी हातातला पाना जमिनीवर ठेवला. बहीण उठून ओसरीच्या पायरीपर्यंत आली आणि माझ्याकडे नव्हे, त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. मीही उठलो. हात ग्रीसने माखलेले होते, म्हणून ते जोडताना मला संकोच वाटला, तरी जोडले.

"भाऊजी, तुमी खरं बोलत होते आन् मी तुमाले खोटं पडू देलं. बाई, तुया हात माह्यामुळं वाकडा झाला, आन् तुया मनात भाऊजीबद्दल जे बसलं तेही माह्यामुळंच. मी चुकलो. मले माफ करा."