पाहुण्यांनी हिवाळ्यातच यावं

हिंगणघाटला कधी यावं, असं कुणी पाहुण्यानं विचारलं की मी एका दमात सांगते: दिवाळीनंतर या आणि होळीच्या आत सुटा. पावसाळ्यात इथली काळी माती पायातली चप्पल ओढून घेते आणि परत द्यायचं नाव घेत नाही. पाऊस गेला, सुटलो म्हणावं, तर ऑक्टोबरचं ऊन मानगुटीवर बसतं. आणि उन्हाळ्याचं तर बोलूच नका. मे महिन्यात इथे यायला माणूस एक तर वेडा असावा लागतो, नाहीतर मुलीचा बाप.

माझे वडील, आबा, कोल्हापूरकडचे शेतकरी. सत्तरच्या दशकात माझं लग्न होऊन मी इथे आले. पहिल्याच वैशाखात, पेरणीआधी हात मोकळे म्हणून, ते लेकीचं घर बघायला आले. आमचे हे कापडगिरणीत होते आणि तेव्हा त्यांची दुपारची पाळी होती. घरात मी आणि चार भिंती.

इथली रीत अशी की ऊन चढलं की गल्लीतलं एकेक दार लागतं. दाराला ओलं पोतं, नाहीतर वाळ्याची ताटी. ऊन कलेपर्यंत कुणी कुणाकडे जात नाही. भर दुपारी कुणाची कडी वाजवली तर आतून आधी विचारतात, कोण गेलं? आबांना हे काय ठाऊक! आमच्या गावात दिवसा दार लावलेलं म्हणजे घरात सुतक तरी किंवा भांडण तरी. ते टोपी घालून दुपारी पान आणायला निघाले, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन हात हलवत परत आले.

"अगं, हितं माणसं ऱ्हात्यात न्हवं?" ते म्हणाले. "सकाळधरनं तुझ्या उंबऱ्याला एक बाई शिवली न्हाई."

"ऊन आहे, आबा," मी म्हणाले.

संध्याकाळी बायकांनी अंगणात पाणी शिंपडलं, खाटा बाहेर टाकल्या आणि सगळ्या समोरच्या काकूंकडे जमल्या. मी आपली माझ्या दारात. काकू लांबूनच आबांना म्हणाल्या, "काकाजी, दुपारी काऊन फिरून राह्यले? लू लागन ना. निघालेच तर खिशात कांदा ठेवजा." मला मात्र एक शब्द नाही. मी नवी असताना त्या माझ्या बोलण्याला हसल्या होत्या. मग मीही चारचौघींत त्यांची नक्कल करून दाखवली. माझी जीभ काही गोड नाही. तेव्हापासून बोलणं कामापुरतं, आणि काम काही निघत नव्हतं.

आबा बघत होते. "उन्हानं दमतात हो सगळ्या," मी म्हटलं. ऊन बिचारं, त्याच्या माथी काय वाट्टेल ते मारावं.

निघताना ते म्हणाले, "थंडीत येऊन बघतो. तवाबी अशीच एकटी बसल्याली दिसलीस, तर जावईबापूंशी बोलून तुला न्हेतो."

जीव माहेराकडे किती ओढत होता, ते माझं मला माहीत. पण वर्षाच्या आत परत आलेल्या मुलीला गाव नीट घास गिळू देत नाही, आणि आबांनाही दिला नसता.

संक्रांतीला ते खरंच आले. सकाळी गारठा, मग कोवळं ऊन, सगळी दारं सताड उघडी. बायका ओट्यांवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. आता माझ्याकडे सबब उरली नव्हती. म्हणून मी हळदीकुंकू मांडलं. नाक मुठीत धरून घरोघरी बोलावणं केलं, सगळ्यात आधी समोर. कुंकवाचं बोलावणं इथे कुणी मोडत नाही, मग मनात काही का असेना.

आल्या की सगळ्या! तिळगूळ घेतला, वाणाची चहाची गाळणी पदरात घेतली आणि "येतो बाई, अजून लय घरं राह्यले" म्हणत निघाल्या. बूड कुणी टेकलं नाही. आबा बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांना दिसलं ते एवढंच, की लेकीच्या दारात रीघ लागली आहे. काकूंनी जाता जाता त्यांना सांगितलं, "आता खरा मोसम हाय फिराचा, काकाजी. पवनारले जाऊन येजा." आबांचा चेहरा असा फुलला की मला तिकडे बघवेना.

स्टँडवर बसमध्ये चढताना ते म्हणाले, "जीव भांड्यात पडला, पोरी. तुझं गोकुळ बघितलं. आता घोर न्हाई."

मला म्हणायचं होतं, आबा, न्या मला. बस हलेपर्यंत ते ओठांवर होतं. मी म्हटलं, "पोचल्याचं कळवा."

त्यानंतर आबा हिंगणघाटला कधी आले नाहीत. लेक सुखात आहे म्हटल्यावर बाप एवढ्या लांब कशाला येईल?